मेंदूचा एमआरआय म्हणतो सीएसएफ गळतंय, कण्याचा एमआरआय मात्र स्वच्छ. पुढची मायलोग्राफी कशी करावी?

स्कॅनवाचक

स्पॉन्टेनियस इंट्राक्रेनियल हायपोटेन्शनमधल्या (कण्यातून सीएसएफ, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी, आपसूक गळून होणाऱ्या आजारातल्या) एका नेहमीच्या पेचावर मत हवंय.

पेशंट चाळिशीतला. उभं राहिलं की अर्ध्या-पाऊण तासात डोक्याचा मागचा भाग धरतो, कानात दडे बसतात, आडवं झालं की उतार पडतो. मार लागलेला नाही, लंबर पंक्चर झालेलं नाही, पाठीचं ऑपरेशनही नाही. मेंदूच्या एमआरआयवर कॉन्ट्रास्टनंतर ड्युरा (मेंदू-मज्जारज्जूचं बाहेरचं आवरण) सगळीकडून सलग चमकतो, ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूची मोठी शीर) फुगलेला, सुप्रासेलर सिस्टर्न ३ मिलिमीटर, मॅमिलोपॉन्टाइन अंतर ५.५ मिलिमीटर (मेंदू खाली सरकला की ही अंतरं कमी होतात). प्रीपॉन्टाइन सिस्टर्न ५ च्या वर आहे आणि सबड्युरल (ड्युराखाली साठलेलं पाणी किंवा रक्त) नाही. म्हणजे बर्न स्कोअर (मेंदूच्या एमआरआयवरून गळतीची शक्यता सांगणारे गुण; जास्त गुण, जास्त शक्यता) २ + २ + २ + १ = ७.

कण्याचा एमआरआय पूर्ण लांबीचा, फॅट सप्रेशनसह टी-२ (हा एमआरआयचा प्रकार, मणका नव्हे). ड्युराबाहेर पाणी कुठेही नाही. छातीच्या मणक्यांपैकी टी-७ आणि टी-१० ला उजवीकडे, टी-९ ला डावीकडे नर्व्ह रूटजवळ (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेजवळ) लहान डायव्हर्टिक्युला (आवरणाचे फुगे) आहेत. त्यानंतर उताणं झोपवून साधी सीटी मायलोग्राफी (कण्यातल्या सीएसएफमध्ये कॉन्ट्रास्ट सोडून काढलेली चित्रं) झाली, रिपोर्ट: गळती दिसत नाही.

आता कुशीवरची डिजिटल सबट्रॅक्शन मायलोग्राफी (एक्स-रेच्या सलग फ्रेमांतून हाडं वजा करून फक्त कॉन्ट्रास्ट दाखवणारी) करावी की कुशीवरची सीटी मायलोग्राफी? कुठल्या कुशीपासून सुरुवात? आणि जागा सापडली तर ग्लू, ऑनिक्स (शीर बंद करणारा द्रव), ऑपरेशन यांतलं आधी काय? त्या डायव्हर्टिक्युलांपैकीच एखादं दोषी धरून सरळ पॅच (गळती बुजवायला सोडलेलं रक्त किंवा ग्लू) दिला तर चालेल का, हेही सांगा.

फ्लुरोरूम

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. रूटजवळची लहान डायव्हर्टिक्युला निरोगी माणसांतही भरपूर सापडतात. फिस्टुला (सीएसएफ आणि शीर यांच्यातला चुकीचा जोड) बऱ्याचदा डायव्हर्टिक्युलमपाशी असतो हे खरं, पण कुठल्या, ते एमआरआयवरून सांगता येत नाही. सर्वांत मोठं तेच गुन्हेगार, हा हिशेबही चुकतो.

ड्युराबाहेर पाणी आहे की नाही, यावर पुढची वाट ठरते. पाण्याचा लांबट थर असेल तर एकतर ड्युराला समोरून चीर पडलेली असते, नाहीतर रूटच्या बाजूचं डायव्हर्टिक्युलम फुटलेलं असतं. थर नसेल आणि मेंदूचा स्कोअर ७ असेल, तर सीएसएफ-व्हेनस फिस्टुला हा पहिला संशयित. त्यात सीएसएफ रूटच्या आवरणातून सरळ शेजारच्या शिरेत जातं, साठायला जागाच नसते. हा प्रकार पहिल्यांदा वर्णन झाला २०१४ मध्ये. त्याआधीच्या 'नॉर्मल' मायलोग्रामांत तो कोणी शोधलेलाच नाही.

आता उताण्या सीटीत तो का हुकला ते बघा. कॉन्ट्रास्ट सीएसएफपेक्षा जड, तो खालच्या अंगाला बसतो. पेशंट उताणा असेल तर तो मागच्या बाजूला पसरतो आणि फोरामेनमधल्या (रूट मणक्यांतून बाहेर पडतो त्या भोकातल्या) रूटच्या टोकापर्यंत दाट कॉन्ट्रास्ट पोचतच नाही. त्यात पेशंटला फ्लुरोवरून (चालत्या एक्स-रेच्या टेबलावरून) सीटीवर न्यायला जो वेळ जातो तेवढ्यात शीर धुऊन निघालेली असते. २०१९ च्या एका तुलनेत पालथं झोपवून केलेल्या डिजिटल सबट्रॅक्शन मायलोग्राफीत फिस्टुला १५ टक्क्यांमध्ये दिसला, कुशीवर झोपवून ७४ टक्क्यांमध्ये. मशीन तेच, कॉन्ट्रास्ट तोच. फरक फक्त कुशीचा.

करायची कशी:

सुई कमरेच्या मणक्यांत, एल-२/३ किंवा एल-३/४ ला, पेशंट आधीच कुशीवर. सीएसएफ आलं म्हणून लगेच पूर्ण डोस सोडू नका. ०.२ ते ०.५ मिलिलिटर कॉन्ट्रास्ट सोडून फ्लुरोवर बघा. तो मोकळा पसरून खालच्या बाजूला घरंगळला तर सुई बरोबर. सुईच्या टोकाशीच ढगासारखा अडकून राहिला किंवा रुळासारख्या दोन कडा दिसल्या तर सुई अर्धी सबड्युरल (ड्युराखाली) किंवा एपिड्युरल (ड्युराबाहेर) आहे. तसाच डोस दिला तर त्या दिवसाचा अभ्यास गेला, कारण ड्युराबाहेर सांडलेला कॉन्ट्रास्ट आणि गळती यांत फरक करता येत नाही.

कमरेखाली पाचर किंवा उशी घालून डोक्याची बाजू थोडी खाली घ्या, म्हणजे कॉन्ट्रास्ट कण्यातून छातीकडे सरकेल. मान मात्र उशीवर उचललेली ठेवा, दाट कॉन्ट्रास्ट कवटीत जायला नको. सेकंदाला १ ते २ फ्रेम, श्वास रोखून ४० ते ६० सेकंदांची रन (सलग चित्रण). डिटेक्टरच्या एका चौकटीत पूर्ण थोरॅसिक (छातीचा) कणा मावत नाही, म्हणून एका कुशीला दोन रन: एक वरच्या भागाची, एक थोरॅकोलंबर (छाती-कमरेची). डोस दोन्हींत वाटून घ्या. जनरल ॲनेस्थेशिया असेल तर श्वास थांबवणं सोपं जातं. पेशंट मिलिमीटरभर हलला तरी बरगड्यांच्या कडा काळ्या-पांढऱ्या उमटतात, आणि शीर नेमकी त्याच पट्ट्यात असते.

आयोहेक्सॉलची प्रौढांसाठी कण्यात द्यायची कमाल मर्यादा ३.०६ ग्रॅम आयोडिन, म्हणजे ३०० ताकदीचं साधारण १० मिलिलिटर. दोन्ही कुशी एकाच दिवशी पूर्ण डोसने होत नाहीत. दुसरी कुशी दुसऱ्या दिवशी. फिस्टुला उजवीकडे जास्त आढळतात, म्हणून बाकी काही खूण नसेल तर उजवी कूस आधी. आणि बाटली सुई टोचण्याआधी स्वतः वाचा. शिरेतून द्यायचं ३५० ताकदीचं कॉन्ट्रास्ट कण्यात चालत नाही, आणि आयोनिक कॉन्ट्रास्ट चुकून गेलं तर झटके येऊन पेशंट दगावू शकतो.

वाचताना आधी रूटचं आवरण भरताना दिसतं. मग त्याच्या टोकाशी केसाएवढी रेघ निघते आणि मणक्याच्या कडेनं वर किंवा खाली वळते किंवा बरगडीखालून बाहेर जाते. रूटची दिशा ठरलेली असते. रेघ ती दिशा सोडून वळली की शीर समजा. कधी ती पाच-सहा फ्रेमांपुरतीच असते, म्हणून रन एकदाच पळवून चालत नाही, फ्रेम एकेक करून मागे-पुढे करावी लागते. मास्क (वजा करायला घेतलेली फ्रेम) बदलूनही बघा.

सीटीवाला

तंत्र बरोबर लिहिलंय, पण सबट्रॅक्शनलाच पहिला मान का, हे पटत नाही. फोरामेनसमोरची शीर, मणक्याच्या आत जाणारी बेसिव्हर्टेब्रल शीर, आतला एपिड्युरल जाळीदार भाग, या सगळ्या दोन मितींच्या चित्रात एकमेकांवर चढतात. कुशीवरच्या सीटीत त्या सुट्या दिसतात, पूर्ण कणा एकाच वेळी येतो, जनरल ॲनेस्थेशिया लागत नाही आणि जिथं बायप्लेन (दोन दिशांनी एकदम चित्रं घेणारं एक्स-रे यंत्र) नाही तिथंही काम होतं.

मात्र सीटीचं टेबल तिरकं होत नाही, म्हणून कमरेखालची पाचर जाड हवी. सुई सीटीच्या टेबलावरच घाला, कॉन्ट्रास्ट तिथंच सोडा आणि लगेच स्कॅन घ्या. फ्लुरोत इंजेक्शन, मग ट्रॉली, मग सीटी, असं केलं तर उताण्या अभ्यासात जे झालं तेच होईल. पहिल्या स्कॅनमागोमाग लगेच दुसरा घ्या. काही फिस्टुला पहिल्यात दिसतात, काही दुसऱ्यातच.

श्वासाचा भाग बहुतेक जण उलटा करतात. कुंथायला लावलं तर शिरांतला दाबही वाढतो, सीएसएफ शिरेत जाणं अवघड होतं. हवं ते उलट: अरुंद नळीतून किंवा स्ट्रॉमधून जोर लावून श्वास आत ओढायला सांगा आणि त्याच क्षणी स्कॅन. छातीतला दाब पडतो, शिरांतला दाब पडतो आणि सीएसएफकडून शिरेकडे ओढ वाढते. टेबलावर घेण्याआधी दोन-तीनदा सराव करून घ्या, नाहीतर पेशंट ऐनवेळी गाल फुगवून फुंकर मारतो. कॉन्ट्रास्टच्या आधी सलाईन सोडून सीएसएफचा दाब चढवायची रीतही आहे, तिचा हेतू हाच.

किलोव्होल्टेज कमी ठेवलं तर आयोडिन जास्त उठून दिसतं. फोटॉन काउंटिंग सीटी (एक्स-रेचा एकेक कण मोजणारी) उपलब्ध असेल तर प्रश्नच नाही: ०.२ मिलिमीटरचे स्लाइस आणि खालच्या ऊर्जेची मोनोएनर्जेटिक चित्रं. या प्रकारच्या पहिल्या मशीनला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, आणि फिस्टुला शोधणं हे तिच्या सर्वांत चोख उपयोगांपैकी एक ठरलंय. साध्या सीटीत जी रेघ 'कदाचित नॉइज असेल' म्हणून सोडून दिली जाते ती इथं सलग शीर म्हणून पुढे नेता येते.

किडनीही बघा. मायलोग्राफीनंतर फारच लवकर किडनीच्या कलेक्टिंग सिस्टिममध्ये कॉन्ट्रास्ट दिसला, तर तो रक्तात कुठून गेला हा प्रश्न पडायला हवा. जागा सांगत नाही, पण शोध सुरू ठेवायला कारण देतो.

फ्लुरोरूम

टायमिंगमध्ये सबट्रॅक्शन पुढे आहे, अवकाशात सीटी. एकाने हुकलं तर दुसरं करा, यावर भांडण नाही. रेडिएशनचा हिशेब मात्र ठेवा. प्रत्येक कुशीला पूर्ण कण्याचे तीन-तीन स्कॅन घेण्याची सवय लागते.

डोकेदुखी_ओपीडी

थोडं आडवाटेनं विचारतो. असाच पेशंट, पण दोन्हीकडे पातळ सबड्युरल आणि लंबर पंक्चरचा दाब १४ सेंटिमीटर. न्यूरोसर्जन म्हणतात दाब नॉर्मल आहे, म्हणजे गळती नाही, सबड्युरल काढून टाकू. हल्ली मिडल मेनिंजियल आर्टरी (ड्युराला रक्त देणारी धमनी) बंद करण्याचंही बोललं जातं. काय करावं?

मज्जारज्जू

दाब नॉर्मल आला म्हणून निदान रद्द होत नाही. निकषात ६ सेंटिमीटरच्या खाली लिहिलंय, पण ते 'किंवा चित्रात गळतीचा पुरावा' या जोडीनं. फिस्टुलाच्या कितीतरी पेशंटांचा दाब नॉर्मल भरतो.

मार नाही, वय फार नाही, दोन्हीकडे सबड्युरल, आणि खाली मेंदू सरकलेला: इथं कवटीला भोक पाडण्याआधी कणा बघा. सबड्युरल हा परिणाम आहे. मेंदू खाली ओढला गेला म्हणून जी जागा मोकळी झाली ती त्यानं भरली. गळती चालू ठेवून तो काढला तर पुन्हा भरतो, आणि कधी मेंदू आणखी खाली येतो. गळती बंद केली की तो बहुतेक वेळा आपसूक जिरतो. मोठा असेल आणि मेंदूला दाबत असेल तर गोष्ट वेगळी.

आर्टरीबद्दल: २०२४ मध्ये आलेल्या एम्बोलाइज ट्रायलमध्ये ४०० पेशंट होते, ऑपरेशनसोबत ऑनिक्सने आर्टरी बंद केल्यावर ९० दिवसांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर आलं. पुरावा चांगलाच आहे, पण तो नेहमीच्या क्रॉनिक सबड्युरलचा. गळतीमुळे झालेल्या सबड्युरलला तो तसाच्या तसा लावू नका.

अशीच दुसरी फसगत किआरीची (लहान मेंदूचं टोक कवटीबाहेर उतरण्याचा आजार). टॉन्सिल (लहान मेंदूचे, घशातले नव्हे) खाली आलेले दिसले की फोरामेन मॅग्नम (कवटीच्या तळाचं भोक) उघडण्याची घाई होते. मॅमिलोपॉन्टाइन अंतर कमी आहे का, ड्युरा चमकतोय का, पिट्युटरी फुगलीय का, हे आधी बघा. आणि कण्याच्या एमआरआयवर मानेच्या सी-१/सी-२ मणक्यांच्या मागे पाणी दिसलं तर तिथं पॅच देऊ नका. गळती दुसरीकडे असली तरी पाणी तिथं जमतं, ती जागा खोटी असते.

ड्युराबाहेर थर असलेल्या पेशंटांबद्दलही दोन ओळी, कारण कुशीचा सल्ला वाचून कोणी तिथंही तेच करेल. समोरच्या चिरेसाठी पेशंट पालथा हवा, कमर वर. डिस्कपाशी हाडाचा किंवा कॅल्शियमचा बारीक काटा ड्युराला टोचलेला असतो, बहुतेकदा थोरॅसिक भागात. कॉन्ट्रास्टचा जाड पट्टा समोरच्या कडेनं डोक्याकडे सरकतो आणि एका पातळीवर त्याच्या पुढे दुसरी समांतर रेघ फुटते. ती फुटते तोच बिंदू चिरेचा. काही सेकंद उशीर झाला तर बाहेरचा कॉन्ट्रास्ट मानेपासून कमरेपर्यंत पसरतो आणि मग गळती आहे हे सगळ्यांना दिसतं, पण कुठं ते कोणालाच सांगता येत नाही. हाडाच्या विंडोत काटा दिसला तर त्याची पातळी लिहा, पण काटे अनेक असू शकतात, गळणारा एकच. अशी गळती वर्षानुवर्षं राहिली तर डोकेदुखी विरते, पण सेरेबेलमवर (लहान मेंदूवर) लोहाचा थर बसत जातो. म्हणून एमआरआयचा ससेप्टिबिलिटी सिक्वेन्स (लोह दाखवणारा) वगळू नका.

शिरामार्ग

फिस्टुला सापडल्यावरच्या तीन वाटा. या तिघांत आपसांत रँडमाइज्ड तुलना झालेली नाही, त्यामुळे खालचा क्रम हे माझं मत समजा.

फोरामेनपर्यंत सुई नीट पोचत असेल तर आधी सीटीच्या मार्गदर्शनाने फायब्रिन ग्लू. सुई मागून-बाजूनं, टोक फिस्टुलाच्या शिरेला लागून. थेंबभर कॉन्ट्रास्ट देऊन ते धमनीत जात नाही ना बघा. टी-९ ते एल-२ मध्ये, विशेषतः डावीकडे, ॲडमकिविझची धमनी याच फोरामेनमधून मज्जारज्जूकडे जाते, तिथं चूक झाली तर पाय जातात. ग्लूचे दोन घटक सुईत एकत्र आले की काही सेकंदांत गोठतात आणि सुई बंद होते. थांबून-थांबून देण्यापेक्षा सलग द्या आणि दुसरी सुई हाताशी ठेवा. काही ग्लूंत ॲप्रोटिनिन असतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीव्र ॲलर्जी येऊ शकते. आधी ग्लू घेतलाय का, हे विचारल्याशिवाय पुडकं फोडू नका.

ग्लू टिकला नाही किंवा जागा अडचणीची असेल तर शिरेतून ऑनिक्स. ही पद्धत २०२१ पासून वापरात आली. मांडीच्या शिरेतून वर, सुपीरियर व्हेना केव्हाच्या मागच्या भिंतीतून ॲझायगसमध्ये (कण्याशेजारच्या मोठ्या शिरेत), तिथून इंटरकॉस्टल शीर आणि मग मायक्रोकॅथेटर फोरामेनच्या शिरेत. डाव्या बाजूसाठी हेमिॲझायगस (डावीकडची तशीच शीर) ओलांडावी लागते, वरच्या डाव्या पातळ्या ब्रेकियोसेफॅलिककडून सोप्या पडतात. ऑनिक्सची कुपी निदान २० मिनिटं हलवा, नाहीतर टँटलम (एक्स-रेत दिसणारी त्यातली धातूची पूड) तळाशी बसतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. कॅथेटर डीएमएसओने (ऑनिक्सच्या द्रावकाने) सावकाश भरा. ऑनिक्स फिस्टुलाच्या पातळीच्या वर-खाली एकेक पातळी जाऊ द्या, पण ॲझायगसकडे परतायला लागला की थांबा. तिथून सुटलेला तुकडा थेट फुप्फुसात जातो. नंतर काही दिवस बरगडीभोवती दुखतं, हे पेशंटला आधी सांगितलेलं बरं. तोटा एकच मोठा: टँटलमच्या चमकीमुळे त्या भागाची पुढची सीटी वाचणं अवघड होतं. म्हणून दुसऱ्या कुशीचा अभ्यास ऑनिक्सच्या आधी पूर्ण करा, एकाहून जास्त फिस्टुला असू शकतात.

ऑपरेशनमध्ये रूट बांधतात. टी-२ ते टी-१२ मध्ये रूट गेला तर बरगडीखाली बधिरपणाचा पट्टा राहतो, तेवढंच. टी-१ हाताच्या कामाचा आणि लंबर रूट पायाच्या कामाचे, तिथं रूट वाचवूनच शीर बंद करावी लागते. समोरच्या चिरेवर मात्र ऑनिक्सचा काही उपयोग नाही, तिथं काटा काढून ड्युरा शिवावा लागतो.

स्कॅनवाचक

स्पष्ट झालं. उजव्या कुशीपासून सुरू करतो. दरम्यान जागा न शोधता कमरेतून ब्लड पॅच (ड्युराबाहेर पेशंटचंच रक्त) द्यावा का? पेशंटला उभं राहवत नाही.

डोकेदुखी_ओपीडी

देता येतो. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही मायलोग्राफीआधी असा पॅच द्यायला हरकत घेत नाहीत. रक्त २० ते ४० मिलिलिटर, सावकाश. पाठीत दाब किंवा पायात कळ सांगितली की थांबा. नंतर २ ते २४ तास आडवं, मग ४ ते ६ आठवडे वाकणं, पिळणं, उचलणं, कुंथणं टाळायचं. फिस्टुलात तो फार टिकत नाही, पण दोन-चार आठवडे बरे गेले तरी पेशंटला उभं राहता येतं. मात्र पॅच लागू पडलेला असतानाच मायलोग्राफी करू नका. गळती तात्पुरती दबलेली असते आणि अभ्यास खोटा निगेटिव्ह येतो. लक्षणं परत येऊ द्या.

पॅच, ग्लू, ऑनिक्स काहीही केलं तरी पहिल्या काही तासांत-दिवसांत डोकं पुन्हा दुखायला लागलं तर लगेच 'फेल गेलं' म्हणू नका. कुठं दुखतं आणि कधी, ते विचारा. आधी मागे आणि उभं राहिल्यावर दुखायचं, आता कपाळात, डोळ्यांमागे आणि आडवं झाल्यावर जास्त, सोबत मळमळ किंवा धूसर दिसणं: हा दाब उलटा वाढलेला आहे. उशी उंच करा, ॲसिटॅझोलामाइड (सीएसएफचा दाब उतरवणारं औषध) द्या, डोळ्यांच्या पडद्यामागची नस बघा. याला पॅच फेल समजून दुसरा पॅच दिला तर पेशंट आणखी बेजार होतो.

सीटीवाला

एक राहिलं. पातळी मोजताना एल-५ गृहीत धरून खालून वर येऊ नका. ट्रान्झिशनल मणका (कण्याच्या दोन भागांच्या सीमेवरचा, दोन्हींसारखा दिसणारा) असला की टी-१० चा टी-११ होतो आणि ग्लू शेजारच्या फोरामेनमध्ये जातो. सी-२ पासून मोजलेला लोकलायझर (मणके मोजायचं चित्र) आणि शेवटच्या बरगडीची लांबी, दोन्ही रिपोर्टात लिहा. सबट्रॅक्शनच्या प्रत्येक रनआधी मोजपट्टी किंवा धातूची खूण चौकटीत ठेवून एक साधा फोटो घ्या. सबट्रॅक्ट केलेल्या चित्रात बरगड्याच नसतात, मग नंतर मोजणार कशावरून?